मोटारीची गॅरंटी आणि आक्काची किडनी

निवृत्त झाल्यापासून शहाद्याच्या भाजीबाजारात माझी पिशवी कधी वेळेवर भरत नाही. मेथीच्या जुडीला हात घालावा, तोच मागून कुणीतरी "कोकिळा सिस्टर ना?" म्हणतं. मग त्यांच्या चुलत्याचा रिपोर्ट मोबाईलवर उघडतो, भाजीवाली वैतागते आणि शेवटी ठरलेला प्रश्न येतो: बदललेली किडनी किती वर्षं चालते हो? भाजीवालीने हे इतक्या वेळा ऐकलंय की परवा माझ्याआधी तिनेच उत्तर देऊन टाकलं. आणि बऱ्यापैकी बरोबर दिलं.

या प्रश्नाने माझा उभा जन्म पिच्छा पुरवला. इथल्याच एका दवाखान्यात मी डायलिसिसच्या खात्यात होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. किडनी बंद पडली की अंगातला कचरा आणि जादा पाणी अंगातच साठतं. मग माणसाच्या हातात दोन जाड सुया घालायच्या, एका नळीने रक्त बाहेर काढून मशीनमधून धुवायचं आणि दुसऱ्या नळीने परत आत सोडायचं. चार तास एका जागी. आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवरून माणसं पहाटेच्या जीपने निघायची आणि दुपारी धुतलेल्या कपड्यासारखी पिळून निघून घरी जायची. मी बोलायला तिखट, पण सुई टोचायला हलकी, असं माझं नाव होतं. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल माझी तक्रार नाही.

मशीनवरच्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाणी. लघवीच होत नाही, तर प्यायलेलं जाणार कुठे? पाय सुजतात, छाती भरते. म्हणून मी पेल्यांचा हिशोब घ्यायचे, काट्यावर उभं करायचे आणि वजन जास्त भरलं की अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं झापायचे. नंदुरबारच्या उन्हाळ्यात माणसाला पाणी पिऊ नको म्हणणं हे पाप आहे, पण पगार त्याचाच होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. जिवंत नातेवाइकाने दिलेली किडनी साधारण पंधरा-वीस वर्षं चालते, मृत माणसाची मिळाली तर त्याहून थोडी कमी. पण 'साधारण' हा शब्द कुणी ऐकतच नाही. कुणाची दोन वर्षांत जाते, कुणाची तीस वर्षं ठणठणीत राहते. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, त्याही मरेपर्यंत, कारण शरीर दुसऱ्याच्या किडनीला कधीच मनापासून घरचं मानत नाही. गोळ्या त्या शरीराला गप्प बसवतात. एक गोष्ट लोकांना हमखास चकवते. जुन्या किडन्या काढत नाहीत, नवी खाली पोटात पुढच्या बाजूला बसवतात. म्हणजे माणूस तीन किडन्या घेऊन फिरतो. हे ऐकून एक आजोबा म्हणाले होते, मग तिघींत भांडणं नाही होत का?

विसरवाडीला हायवेवर मगनभाईंचं हॉटेल होतं. त्यांना त्यांच्या आईने किडनी दिली. गोळ्या बारा-बारा तासांनी घ्यायच्या, तर या गृहस्थांनी घड्याळ न लावता सुरतेची एसटी लावली. सकाळची गाडी हॉटेलसमोर थांबली की एक डोस, संध्याकाळची परत जाताना दिसली की दुसरा. आम्ही हसायचो, पण कित्येक वर्षं त्यांचे रिपोर्ट वॉर्डात सगळ्यात चांगले असायचे. मग गाड्या बरेच दिवस बंद पडल्या आणि मगनभाईंचे डोसही रस्ताभर पांगले. कधी ट्रक बघून घेतली, कधी घेतलीच नाही. ती किडनी गेली. ते मशीनवर परत आले त्या दिवशी गरम भज्यांचा पुडा घेऊन आले आणि म्हणाले, सिस्टर, जुनं गिऱ्हाईक परत आलं, जागा आहे ना? मी त्यांना मिठाच्या भज्यांवरून रागावले आणि आत जाऊन रडले. त्यांना एक साधं घड्याळ आम्ही कुणीच कसं दिलं नाही, हे मला अजून लागतं. मगनभाई आहेत बरं का, मशीनवर आहेत, आणि अजूनही मला भजी पाठवतात.

पण मला सांगायचंय ते हिरामणआप्पांचं.

आप्पा तापीकाठचे. केळी, कापूस, थोडा ऊस. चाळिशीत किडन्या बंद पडल्या आणि माझ्या खिडकीजवळच्या खाटेवर आले. गडी स्वभावाने गरीब, पण डोकं सगळं मोटारीत. बोअरची मोटार किती फुटांवर, किती हॉर्सपॉवर, कुणाची जळाली, कुणी भरून आणली, यापलीकडे त्यांच्या गप्पा जात नसत. सुई टोचताना मी मुद्दाम मोटारीचं विचारायचे, म्हणजे दुखल्याचं त्यांच्या लक्षात येत नसे. पाण्याच्या बाबतीत ते माझे सगळ्यात आज्ञाधारक पेशंट होते. बर्फाचा खडा चोखून दिवस काढायचे.

किडनी द्यायला पुढे आली ती त्यांची मोठी बहीण, सरूआक्का. अक्कलकुव्याच्या बाजूला दिलेली, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. रक्त जुळलं, तपासण्या जुळल्या. जुळली नाही ती रीत. आमच्याकडे लेकीला, बहिणीला द्यायचं असतं. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आणि हा भाऊ बहिणीच्या अंगातला अवयव घेणार. आप्पांची मान खाली ती वर होईना. शिवाय लग्न झालेल्या बाईच्या किडनीला नवऱ्याची संमती विचारतात, आणि नवरा म्हणजे दौलतदाजी.

दाजी कापसाचे व्यापारी. पांढरी टोपी, गालात तंबाखू, आणि प्रत्येक गोष्टीत भाव करायची सवय. समजावायला मी त्यांना खात्यात बोलावलं. मशीन दाखवलं, नळ्या दाखवल्या. एका किडनीवर माणूस सगळं आयुष्य नीट काढतो, आक्का पूर्वीसारखी शेतात जाईल, हेही सांगितलं. ते सगळं त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, तंबाखू थुंकून आले आणि म्हणाले, "पह्यले सांगा, हाई कितला वरीस चाली? मंग मी सही करसू."

मी म्हटलं, दाजी, मोटारीला गॅरंटी मिळते, किडनीला मिळत नाही. ते म्हणाले, मग असल्या मालाला कोण हात लावतं? नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी तेच विचारलं. डॉक्टरांनी पंधरा-वीसचा आकडा सांगितला आणि पुढे म्हणाले की बाकी सगळं आप्पा ती कशी वापरतात त्यावर आहे. दाजींनी तेवढं ऐकलं, सही केली आणि सगळ्यांसमोर आप्पांना बजावलं की आमच्या घरची बाई कापून देतोय, वर्षा-दोन वर्षांत बंद पाडलीस तर उंबऱ्याला पाय लावू नको, आणि तिलाही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी पाठवणार नाही. बाकीच्यांना ती दाजींची नेहमीची फुशारकी वाटली. आप्पांच्या मात्र ते काळजात रुतलं. आणि डॉक्टरांचं वाक्यही रुतलं, तेही चुकीच्या जागी.

किडनी बसवली, झकास चालू झाली. आप्पांचा चेहरा उजळला, पोटरीवरची सूज गेली, पहिल्यांदा लघवी भरपूर झाली तेव्हा त्यांनी नाशिकहून मला फोन करून ती बातमी दिली. पोरगी पास झाली की बाप सांगतो, त्या आवाजात. त्यानंतर दर आखाजीला दाजी आक्काला घेऊन यायचे, आंब्यांची पाटी ओसरीवर ठेवायचे आणि पाणी पिण्याआधी विचारायचे, चालू आहे ना? आप्पा हो म्हणायचे, आणि दाजी सौद्याचा हप्ता मिळाल्यासारखे टेकायचे.

मग एका वर्षी वैशाखाच्या तोंडावर आप्पा नेहमीच्या तपासणीला आले आणि रक्ताचा आकडा बघून मी रिपोर्टवरचं नाव दोनदा वाचलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा मोजायचं माप. ते आप्पांचं कायम एकच्या आसपास असायचं. त्या दिवशी अडीचच्या वर. आमच्या डॉक्टरांनी नाशिकला फोन लावला. तिकडून सांगितलं, दाखल करा, सलाईन लावा, गोळ्यांचं तपासा. दोन दिवसांत उतरलं नाही तर इकडे पाठवा, किडनीतून तुकडा काढून बघावा लागेल. शरीराने किडनी नाकारली असेल तर पुढचं कठीण.

मी गोळ्यांची पाकिटं मागवली. एकही डोस चुकलेला नाही. ताप नाही, जुलाब नाही, कुणा वैदूची पुडी नाही. आप्पा छताकडे बघत पडलेले. ओठ मात्र मला आवडले नाहीत. उन्हात टाकलेल्या पापडासारखे झालेले. मी विचारलं, पाणी किती पिता? पुरेसं, म्हणाले. पुरेसं म्हणजे किती? त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हा त्यांची बायको, निर्मलावहिनी, कोपऱ्यातून हळूच बोलली. हे शेतात तांब्या भरून नेतात आणि तसाच भरलेला परत आणतात, म्हणाली. गेलं वर्षभर पाणी कमी करत आलेत, या उन्हाळ्यात तर जवळजवळ बंदच. विचारलं तर अंगावर येतात.

मी आप्पांच्या खाटेवरच बसले. मी तशी पेशंटच्या खाटेवर कधी बसत नाही. म्हटलं, आप्पा, खरं बोला, नाहीतर ही सुई तीन वेळा घालीन. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

"सिस्टर, मोटार कमी चालाडी का जास्त टिकस. किडनीबी तशीच नही का?"

वापरावर आहे, असं डॉक्टरच म्हणाले होते ना? मग यांनी वापर कमी केला. पाणी कमी म्हणजे किडनीला काम कमी, काम कमी म्हणजे झीज कमी. बोअरला विश्रांती देतात तशी हे आक्काच्या किडनीला विश्रांती देत होते, आणि तीही केळीच्या बागेत, भर उन्हात घाम गाळत. वर मला म्हणतात, तुम्हीच तर शिकवलं होतं पाणी कमी प्यायला. मी कपाळावर हात मारला. अहो, ते मशीनवर असताना! तेव्हा पाणी विष होतं, आता पाणीच औषध आहे. सुकी मोटार चालवली तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगू का? तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत प्रकाश पडला, आणि लगेच पाणी आलं. मला एवढंच कळत होतं की या माणसाने मरायच्या भीतीने हे केलेलं नाही. किडनी बंद पडली तर आक्काचं माहेर तुटेल, या भीतीने केलंय.

सलाईन चालू झालं. आप्पांनी आमच्याकडून वचन घेतलं की आक्काला कळवायचं नाही. पण आखाजी तीन दिवसांवर. आखाजीला खान्देशातली कुठली सासुरवाशीण घरी बसते? त्या वर्षी दाजी मागून येणार होते, म्हणून आक्का एकटीच एसटीने माहेरी आली, तर घराला कुलूप. शेजारणीने सगळं सांगितलं, थोडं वाढवूनही सांगितलं असावं. आक्का तशीच उलटी फिरली, शहाद्याच्या स्टँडवर उतरली आणि सांजोऱ्यांचा डबा काखेत मारून वॉर्डात शिरली.

मला वाटलं आता वॉर्ड डोक्यावर घेते. पण तिने आधी रिपोर्ट विचारला, मग कारण विचारलं. मी सांगितलं. ती भावाच्या उशाशी गेली आणि काखेतला डबा खाटेवर ठेवला. मग एवढंच बोलली, आणि तिच्या मानाने अगदी हळू.

"मी तुले ती वापराले दिधी, पेटीम्हा ठेवाले नही."

आप्पा पोरासारखे रडले. आक्काने पदराने त्यांचं नाक पुसलं आणि मग मात्र नेहमीच्या आवाजात माझ्यावर घसरली, की ग्लास कुठे आहे, पाणी कुठे आहे, आणि तुम्ही सिस्टर लोक करता काय दिवसभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाजारातून नवंकोरं लाल मडकं आणलं, भरलं आणि आप्पांच्या खाटेजवळ मांडलं. झालं! आमच्याकडे आखाजीला घागर भरतात ती गेलेल्या माणसांच्या नावाने. वॉर्डात भरलेली घागर बघून शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने हात जोडले, तिच्या सुनेने डोळ्याला पदर लावला, आणि वॉर्डबॉय मामांनी मला धावत येऊन विचारलं की खिडकीजवळचे आप्पा गेले का? आप्पा तेव्हा अर्धी सांजोरी खात होते. मी आक्कावर चिडले. म्हटलं, घागर उचला आधी, माझे पेशंट घाबरून मरतील. आक्का कंबरेवर हात ठेवून अख्ख्या वॉर्डाला म्हणाली, "हाई बापनी घागर नही. भाऊनी शे, जित्ता भाऊनी." मडकं तिथेच राहिलं. संध्याकाळपर्यंत ते रिकामं करायचं, असा तिचा हुकूम होता. आप्पा तासातासाला माझ्याकडे सुटकेच्या आशेने बघायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी एका पेशंटला पाणी प्या म्हणून दरडावत होते आणि मला त्याची फार मजा येत होती.

रक्त तपासायला गेलं होतं आणि रिपोर्ट यायचा होता, तेव्हा गावात सगळं ऐकून दाजी आले. पायऱ्यांवरून त्यांच्या वहाणांचा आवाज आला तशी निर्मलावहिनी पडद्यामागे गेली. आप्पांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, सलाईनच्या हाताने चादर वर ओढून. दाजींनी टोपी काढली, मडक्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मी मध्ये जाऊन उभी राहिले, कारण म्हातारा चिडला असता तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढणार होते, व्यापारी असो की आणखी कुणी.

दाजींनी मला बाजूला नेलं. तंबाखू नव्हता त्यांच्या तोंडात, म्हणून बोलणं स्पष्ट होतं.

"हाई बंद पडनी तर मन्ही जुळस का ते देखी ल्या."

मला आधी समजलंच नाही. ते बंडीची बटणं काढायला लागले, जणू मी तिथेच तपासून घेणार होते. हा तो माणूस, ज्याने गॅरंटी मागितली होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, दाजी, तुमचं वय, तुमची शुगर, तुमचं बीपी, आणि वर तंबाखूची एवढी वर्षं. तुमची किडनी तुम्हाला पुरली तरी देवाचे आभार माना. ते जरा दुखावले. निदान एक बाजू तरी चांगली असेल, म्हणाले. इकडे खाटेवर झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाची चादर हलत होती. आक्काने तिच्या जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला लोकांसमोर प्यायला पाणी दिलं नाही. भरलेला ग्लास त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, हा माझ्या भावाला द्या. दाजींनी तो ग्लास आप्पांना नेऊन दिला. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

आकडा उतरला. आधी थोडा, दुसऱ्या दिवशी आणखी, आणि मग नाशिकच्या डॉक्टरांनी तुकडा काढायचा बेत रद्द केला. किडनी नाकारली गेली नव्हती, नुसती तहानली होती. आखाजीच्या सकाळी मी आप्पांना घरी सोडलं. मडकं दाजींनी डोक्यावर घेतलं, टोपी खिशात घातली, आणि गाडीपर्यंत मिरवत नेलं. अख्खा दवाखाना बघत होता.

तेव्हापासून त्यांच्या घरी आखाजीला दोन घागरी भरतात. एक पितरांची, वर खरबूज आणि सांजोरी ठेवून. दुसरी आप्पांची, तिच्यावर फक्त पेला. दरम्यान बोअरची मोटार दोनदा जळाली, एकदा चोरीलाही गेली. आक्काची किडनी तीच आहे. तिने पंधरा ओलांडली, आता विसाकडे निघालीय. एक दिवस तीही थकेल, हे आप्पांना माहीत आहे, मला माहीत आहे. मगनभाईंना भेटलं की ते विसरताही येत नाही.

यंदा मीही गेले होते आखाजीला. अंगणात लिंबाला झोका बांधलेला, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, चुलीवर खापराच्या पोळ्या भाजल्या जात होत्या. गावातला एक तरुण शेतकरी मुद्दाम आला होता. त्याची आई बापाला किडनी द्यायचं म्हणत होती. त्याने ओसरीवर सगळ्यांकडे बघून तोच प्रश्न विचारला, कितला वरीस चालस? मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाजींनी हात वर केला. आता ते काठीशिवाय उठत नाहीत. पण उठले, आप्पांच्या घागरीतून पेला भरला, आप्पांच्या हातात दिला आणि शेवटचा घोट उतरेपर्यंत समोर उभे राहिले. मग त्या पोराकडे वळून म्हणाले, "आज चालू शे. उद्या सकायले परत इचार."

आक्काने पेला लगेच पुन्हा भरला. आप्पांनी माझ्याकडे केविलवाण्या डोळ्यांनी बघितलं. मी रसात पोळी बुडवली आणि झोक्याकडे बघत बसले.